‘लिंचिंग’ म्हणजे ‘झुंडबळी’च का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यातली गाणी आणि चित्रपट यांवरच्या कार्यक्रमासाठी मराठी टिपणांचा मसुदा केला आहे. त्यात ‘लिंचिंग’ला, म्हणजे जमावाने केलेल्या हत्येला, सरसकट ‘झुंडबळी’ म्हटले तर चालेल का?

वर्तमानपत्रांत हा शब्द रुळला आहे, तरी इथे तो वापरू नये असे मला ठामपणे वाटते. ‘हुंडाबळी’, ‘भूकबळी’ यांच्या वळणावर तो घडला आहे आणि या समासांत पहिले पद मरणाचे कारण सांगते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारले. तिथे ‘झुंडबळी’ चपखल बसतो, कारण अफवेने पिसाळलेली झुंड हेच त्या मरणाचे कारण. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र कारण होते वर्णद्वेष. झुंड हे त्याचे हत्यार. कितीतरी हत्या आधी गाजावाजा करून, बायकामुलांसह जमलेल्या गर्दीसमोर झाल्या. त्यांचे फोटो काढून पोस्टकार्डे विकली गेली. ‘झुंड’ म्हटले की क्षणाचा भडका डोळ्यांपुढे येतो आणि थंड डोक्याने केलेला गुन्हा त्याआड लपतो.

‘स्ट्रेंज फ्रूट’ ऐका. न्यूयॉर्कमधले शिक्षक एबेल मीरोपोल यांचे हे गाणे कृष्णवर्णीय जॅझ गायिका बिली हॉलिडेने १९३९ मध्ये गायले. त्यात झुंड कुठेच नाही. मारेकरी निघून गेलेत. उरले आहे ते झाड, पानांवरचे आणि मुळाशी असलेले रक्त, मॅग्नोलियाचा वास, कावळे. ‘लिंचिंग’ हा शब्दसुद्धा येत नाही. न्यूयॉर्कच्या ‘कॅफे सोसायटी’ या नाइटक्लबात ती हे गाऊ लागण्याआधी वेटर जागच्या जागी थांबत, दिवे मालवत, झोत फक्त तिच्या चेहऱ्यावर राही. गाणे संपले की ती निघून जाई, वन्स मोअर नाही. या गाण्यावर ‘झुंडबळींचे गीत’ असा मथळा दिला तर कवीने बाहेर ठेवलेली झुंड आपणच आत आणून बसवतो.

कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो यांच्या ‘विदिन अवर गेट्स’ या १९२० च्या मूकपटात झुंड दिसते, पण कारणही दिसते. वाट्याने जमीन कसणारा एक कृष्णवर्णीय जमीनमालकाकडे हिशेब करायला जातो. मालकाला गोळी घालतो दुसराच गोरा, आळ मात्र याच्यावर.

तुमच्या मसुद्यातले ‘झाडाला फाशी दिली’ तेवढे नक्की बदला. मराठीत फाशी न्यायालय देते आणि गळफास माणूस स्वतः घेतो. दोन्हींत खुनी सुटतो. ‘गोऱ्यांच्या जमावाने झाडाला टांगून मारले’ असे स्वच्छ लिहा.

शब्द ‘लिंचिंग’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘वर्णद्वेषातून जमावाने केलेली हत्या’ असा खुलासा करा. परका म्हणून संकोच नको. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेच्या नावातला ‘पँथर’ जसाच्या तसा घेतला गेला आणि त्या शब्दासोबत तो लढाही मराठीत आला. क्रियापद हवे असेल तर ‘लिंच केले’ चालेल. ‘लिंचिंग झाले’ टाळा, त्यात करणारा दिसत नाही.