खाऱ्या पाण्याखाली गेलेली भातशेती

प्रश्न : धरमतर खाडीलगत खारेपाटात आमची वडिलोपार्जित भातशेती आहे. उधाणाच्या पाण्याने बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या बांधाला) खांडी म्हणजे भगदाडे पडली, ती वेळेत बुजवली गेली नाहीत आणि आता शेतात भरतीचे पाणी खेळते. काही भागात तिवरेही (कांदळवनाची झाडे) उगवली आहेत. ती तोडून पुन्हा भात लावता येईल का? जमिनीवरचा आमचा हक्क जाईल का?
— एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : तिवरांना हात लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनांच्या तोडीवर बंदी कायम केली असून, जमीन सरकारी आहे की खाजगी, हा भेद त्यात केलेला नाही. कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामही करता येत नाही. सातबारावर आपले नाव आहे, हा बचाव फौजदारी कारवाईत टिकणार नाही. मात्र तिवरे उगवली एवढ्याने मालकी जात नाही. जातो तो जमीन कसण्याचा मार्ग. कांदळवन राखलेच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु बांध राखण्याची जबाबदारी ज्याची होती त्याच्या दिरंगाईमुळे शेताचे वन व्हावे आणि त्याची झळ एकट्या शेतकऱ्याने सोसावी, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

म्हणूनच पहिली चौकशी बांधाची करावी. कोकणातील खारभूमीच्या योजना काही शासकीय आहेत, तर काही खाजगी. आपला बांध महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम, 1979 खालील शासकीय योजनेत असेल, तर त्याची आणि उघाड्यांची (बांधातील पाणी बाहेर सोडणाऱ्या दारांची) देखभाल खारभूमी विभागाकडे येते. योजना खाजगी असेल, तर ते ओझे लाभधारक शेतकऱ्यांवर पडते आणि तेथेच बहुतेक गावांचे घोडे अडते, कारण खांड एकाच्या शेतासमोर पडली तरी पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते आणि ती बुजवायला एकट्याची ऐपत पुरत नाही. योजनेचे नाव, खांडीचे ठिकाण आणि बाधित गट क्रमांक लिहून सर्व खातेदारांच्या सह्यांचा अर्ज विभागाकडे द्यावा, त्याची पोच घ्यावी व एक प्रत तहसीलदारांना द्यावी. बांधालगत तिवरे असतील, तर परवानगी मिळाल्याशिवाय दुरुस्तीचे काम सुरू करू नये.

जेथे अजून तिवरे नाहीत, तेथे खांड बुजवण्याची घाई केलीच पाहिजे. समुद्राची पातळी वाढत असताना उधाणाचे पाणी जुन्या बांधावरून येण्याचे प्रसंग वाढणार, आणि उघडी राहिलेली खांड प्रत्येक भरतीला रुंदावत जाते.

उभे पीक बुडाल्यास त्याच आठवड्यात पंचनाम्याची मागणी करावी. समुद्राचे उधाण राज्याने मदतीस पात्र ठरवलेल्या आपत्तींत येते. त्यासाठी ई-पीक पाहणीत पिकाची नोंद असणे हिताचे. सातबारावर वर्षानुवर्षे ‘पड’ लागलेल्या जमिनीला पीकनुकसानीची मदत मागणे अवघड जाते.

बांध पुन्हा उभा राहिल्यावर क्षार धुण्याचे काम कोकणचा पाऊसच करतो. बांधबंदिस्ती करून पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडावे आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर सोडावे. असे काही वेळा केले की वरच्या थरातील मीठ कमी होते. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता (मिठाचे प्रमाण दाखवणारे माप) सुमारे 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की नेहमीच्या भाताचे उत्पादन घटू लागते, म्हणून लावणीपूर्वी माती तपासून घ्यावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणारे पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 हे वाण दिले आहेत. रोप कोवळे असताना आणि फुलोऱ्यात भात मिठाला सर्वाधिक हळवा असतो. त्यामुळे थोडी जून (जास्त दिवसांची) रोपे लावावीत व एका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, रोपांची संख्या वाढवावी.

प्रश्न : खाऱ्या जमिनीत जिप्सम टाकावे, असे दुकानदार सांगतात. ते योग्य आहे का?
— एक वाचक, पेण

उत्तर : तपासणीशिवाय नाही. जिप्सम चोपण जमिनीसाठी असते, म्हणजे जेथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो आणि सामू (pH) साधारणपणे 8.5 च्या वर असतो. खाडीकाठच्या जमिनीत मुख्यतः विद्राव्य मीठ असते. ते गोड्या पाण्याने आणि चांगल्या निचऱ्याने निघून जाते. तेवढा खर्च चर खणण्यावर करावा.