मिनिएचर्स कन्व्हर्ट करण्यात वेळ घालवावा का, की आर्मी आहे तशीच रंगवून खेळायला घ्यावी?

घालवावा. नक्की घालवावा. मिनिएचर्स म्हणजे टेबलावर लढाई खेळायच्या छोट्या मूर्ती, आणि कन्व्हर्ट करणं म्हणजे त्या कापून-जोडून हव्या तशा बदलणं. आणि ‘तीन फुटांवरून कोणाला काय दिसतंय’ असं सांगणारा एक माणूस प्रत्येक क्लबात असतो, त्याचं अजिबात ऐकू नका.

मी इंग्लंडमध्ये डर्बीत राहतो. नॉटिंगहॅम शेजारीच, म्हणजे मिनिएचर्स बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्यालय तिथे, मिनिएचर्स घडवणारे पेरी बंधूही तिथलेच, त्यामुळे आमच्या क्लबातली मंडळी या छंदात मुरलेली आहेत. तर तिथे असईची लढाई मांडायचं ठरलं, 23 सप्टेंबर 1803, एका बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली आणि दुसऱ्या बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले. माझं आजोळ भोकरदन तालुक्यातलं, असई तिथून जवळ, शिंद्यांची बाजू मी सोडणार नव्हतोच. तर एक जुने मेंबर म्हणाले की कपाटात मुघलांच्या रंगवलेल्या मिनिएचर्स पडून आहेत, त्यांच्या हातात भगवा झेंडा दे की झाले मराठे. मला ते सहनच झालं नाही. अहो, शिंद्यांचं असईतलं पायदळ कवायती होतं, द बॉयन या युरोपियन सेनानीने महादजींसाठी जे कंपू, म्हणजे कवायती तुकड्या, उभे केले त्याच परंपरेतलं, बंदुकीला संगीन लावून रांगेत फैरी झाडणारं, आणि त्या दिवशी त्यांचा कमांडर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस होता. तिथे ढाल-तलवारवाले मुघल कसे चालतील? शिवाय पेशव्यांचे मराठा स्वार त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूने होते, मग नुसत्या झेंड्यावरून कोण कुणाचा हे ओळखणार कसं?

मी पेरींचे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या ब्रिटिश पायदळाचे प्लास्टिक सेट घेतले, टोप्या कापल्या, डोकी घासून गुळगुळीत केली आणि ग्रीन स्टफच्या, म्हणजे निळा आणि पिवळा भाग मळून वापरायच्या पुट्टीच्या, पगड्या बांधल्या. पट्टीतून येणारं ग्रीन स्टफ असेल तर निळा आणि पिवळा भाग जिथे चिकटलेले असतात तेवढी मधली रेघ कापून टाका, तिथे ते आधीच कडक झालेलं असतं आणि मग कण राहतात. बाकीचं कणकेसारखं मळा, अर्धा-पाऊण तास ठेवा, मग बारीक वळ्या करून डोक्याभोवती गुंडाळा, आकार द्यायचं हत्यार सतत ओलं ठेवा. निळा जास्त घेतला तर कडक होतं, धार चांगली निघते. पिवळा जास्त घेतला तर चिकट आणि लवचिक.

पण माझा खरा जीव होता तोफच्यांमध्ये. वेलस्लीची फौज तोफांच्या रांगेवरून पुढे गेली तेव्हा शिंद्यांचे काही तोफची मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, आणि ती पुढे सरकल्यावर उठले, तोफा फिरवल्या आणि मागून मारा सुरू केला. 78वी हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण आणि घोडदळ घेऊन वेलस्लीला स्वतः परत यावं लागलं. हे मला टेबलावर दिसायला हवं होतं. म्हणून प्रत्येक तोफेचे दोन सेट केले, एकात माणसं चाकाशी आडवी पडलेली, दुसऱ्यात तीच माणसं खांदा लावून तोफ वळवताना. कंबर करवतीने कापायची, गुडघ्यात खाच घेऊन पाय वाकवायचा, आत पेपरक्लिपची तार घालायची, फट पुट्टीने भरायची. चेहरे आणि पगड्यांचे रंग दोन्ही सेटमध्ये तेच ठेवले, म्हणजे कोण उठलाय ते ओळखू यावं.

आणि डावाच्या दिवशी तेच मेंबर म्हणतात, नियमाप्रमाणे शत्रू वरून गेला की तोफ टेबलावरून काढायची. मी काढली नाही. या लढाईपुरता नियम बदला म्हटलं, यांची हिंमत नियमात बसत नसेल तर नियम तोकडा आहे. वाद बराच झाला, शेवटी फासा टाकून तोफची उठतात की नाही ते ठरवायचं असं ठरलं, पण मला आजही ती तडजोड पटत नाही. तर कन्व्हर्जन हे असं असतं, जी गोष्ट तयार डब्यात मिळत नाही ती टेबलावर आणता येते. नुसतं शोभेसाठी कवट्या आणि काटे चिकटवणार असाल तर मात्र आहे तशीच रंगवा.

रंगांचं थोडक्यात. ‘फ्लेश’ नावाचे बहुतेक तयार रंग गोऱ्या कातडीचे असतात, आपली माणसं रंगवायला तांबूस तपकिरीपासून सुरू करा, वर गेरू-पिवळट छटा चढवा, आणि एकाच पलटणीत तीन-चार वेगळी मिश्रणं वापरा, सगळी माणसं एकाच रंगाची नसतात हे यांना कितीदा सांगायचं. पांढरे कपडे शुद्ध पांढऱ्याने नका रंगवू, खाली मातकट करडा आणि वर मोतिया. आणि बेस, म्हणजे मूर्तीखालची बैठक! भारत म्हटलं की इथले लोक वाळवंटी पिवळी वाळू ओततात. सप्टेंबरअखेर, पावसाळा सरत आलेला, केळणा आणि जुईच्या मधली जमीन, तिथे काळी माती आणि हिरवं गवत पाहिजे.

नवीन असाल तर आख्खी आर्मी नका घेऊ, आधी निशाणवाला आणि अधिकारी कन्व्हर्ट करा, बाकीच्यांची फक्त डोकी बदला. तुम्ही वॉरहॅमर, म्हणजे गेम्स वर्कशॉपचा खेळ, खेळत असाल तर काही स्पर्धांत दुसऱ्या कंपनीचे पार्ट चालत नाहीत, बेसच्या साईजवरूनही आक्षेप घेतात, ते आधी विचारून घ्या. पावसाळी दमट हवेत स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तर, खरखरीत बसतो, तेव्हा ब्रशने लावा. मूर्ती रेझिनची असेल तर आधी साबणाच्या पाण्याने धुवा आणि घासताना ओलं करून घासा, मास्क लावून, ती धूळ फुप्फुसाला वाईट.