पाटी वाचता येत नाही का?

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक, वय ६४. महिन्यापूर्वी गच्च भरलेल्या बसमध्ये अपंगांच्या राखीव सीटवर विशी-बाविशीची एक मुलगी कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बसली होती. शेजारी एक म्हाताऱ्या बाई दांडा धरून उभ्या. मला राहवलं नाही. माझ्या जागेवरूनच आवाज चढवून म्हणालो, "शिकलेली दिसतेस, पाटी वाचता येत नाही का?" ती मुकाट्यानं उठली. दोन थांबे गेले नसतील, तोच मटकन खाली बसली, डोकं गुडघ्यांत. लोक धावले. ती एवढंच म्हणाली, "मला फार वेळ उभं राहता येत नाही." माझ्या घशाला कोरड पडली. पण मला कळणार कसं? काठी नाही, कुबडी नाही, दिसायला चांगली धडधाकट. शिवाय सोंगं करणारेही असतातच की. ती अजून अधूनमधून त्याच बसला दिसते आणि मी तोंड फिरवतो. काय करू?

उत्तर : सर, कळणार कसं म्हणता, तर नसतंच कळलं. मलाही कळलं नसतं, आणि मी गेली २२ वर्षं आमवाताची पेशंट आहे. सकाळी उठल्यावर दोन तास माझ्या बोटांना ब्लाउजचं बटण लागत नाही, की बाटलीचं झाकण उघडत नाही. संध्याकाळी मात्र मी झपाझप चालत फिरायला जाते. लोकांना दिसते ती संध्याकाळची मी. "तुम्हाला काय झालंय, चांगल्या तर आहात!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर आता नुसती हसते.

आणि तरीही मी एकदा काय केलं ते ऐका. लिफ्टसाठी रांग होती. माझ्या पुढे पस्तिशीचा एक गडी, रुंद खांदे, पाठीला सॅक. लिफ्टमध्ये शिरल्यावर त्यानं पहिल्या मजल्याचं बटण दाबलं. मी शेजारणीला, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "एका मजल्यासाठी लिफ्ट! काय ही तरुण पिढी." तो वळून शांतपणे म्हणाला, "मावशी, हार्टचं पंपिंग पंचवीस टक्के आहे." पहिला मजला यायला किती वेळ लागतो? मला तो संपता संपेना.

नंतर डॉक्टरांना विचारलं. निरोगी हृदयसुद्धा प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं. त्याचं २५ होतं. सपाट जमिनीवर असा माणूस तुमच्या-माझ्यासारखा चालू शकतो. जिना चढताना सगळ्या अंगाचं वजन वर उचलावं लागतं, तिथे त्याची दमछाक होते. म्हणजे मी त्याला पाहिलं ते नेमकं तो धडधाकट दिसतो अशा जागी.

तुमच्या बसमधल्या मुलीला काय आहे ते मला माहीत नाही, आणि पत्रावरून निदान करणं हा माझा धंदा नाही. पण नुसतं उभं राहणं हेच ज्यांचं दुखणं असतं, अशी माणसं असतात. पॉट्स नावाची एक अवस्था आहे. उभं राहिल्यावर रक्त कमरेखाली साचतं, आणि मोठ्या माणसाच्या हृदयाचे ठोके दहा मिनिटांच्या आत मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढतात. डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात. यात तरुण मुलीच जास्त असतात. बसल्या की पुन्हा ठीक दिसतात, म्हणून तर बोलणी खातात. म्हणून असं कुणी खाली बसलं तर "उठ, मोकळ्या हवेत चल" म्हणून ओढून उभं करू नका. बसू द्या, आडवं व्हायचं असेल तर होऊ द्या.

काठी नव्हती म्हणता, त्यात त्या पाटीचाही थोडा दोष आहे. चाकाच्या खुर्चीचं ते चिन्ह डेन्मार्कच्या सुझान कोफोड या विद्यार्थिनीनं १९६८ मध्ये रेखाटलं. (मूळ चित्रातल्या माणसाला डोकं नव्हतं, ते नंतर जोडलं.) चिन्ह सोपं आणि लांबूनही कळणारं, पण ते पाहून पाहून अपंग म्हणजे खुर्चीतला माणूस हे आपल्या मनात घट्ट बसलं. खुर्ची वापरणाऱ्यांतही चार पावलं चालू शकणारे असतात. ते उठून उभे राहिले की बघणाऱ्यांना वाटतं, चोर पकडला! लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलांचा हिरवा पट्टा सुरू झाला. गळ्यात तो असला की कर्मचाऱ्यांना कळतं, या माणसाला जरा मदत किंवा जास्त वेळ लागेल. चांगली सोय आहे. फक्त तो घालायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. उद्या आपण "पट्टा कुठाय?" असं विचारायला लागलो, तर तुमच्या पाटीसारखीच त्याची गत होईल.

आता सोंगांचं. असतात, नाही कशाला म्हणू? पण ते ओळखायचं काम तुमच्याकडे कुणी दिलं होतं? तुमच्यापुढे प्रश्न एवढाच होता, की उभ्या असलेल्या बाईंना जागा हवी आहे. त्यासाठी सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणता आलं असतं, "इथे एक आजी उभ्या आहेत, कुणाला उठणं जमेल?" ज्याला जमतं तो उठतो, ज्याला जमत नाही तो बसून राहतो, आणि आपलं कारण कुणालाच सांगावं लागत नाही.

आणि एक. तुम्ही लिहिलंय, "माझ्या जागेवरूनच म्हणालो." म्हणजे तुम्हीही बसलेले होतात. तुमचा गुडघा दुखत असणार किंवा आणखी काही असणार, असं मी धरून चालते आणि पुढे काही विचारत नाही.

माफी जरूर मागा, पण दोन वाक्यांत. "त्या दिवशी मी वाटेल तसं बोललो, माझं चुकलं." बस. "मला माहीत नव्हतं गं" हे जोडू नका, नाहीतर समजूत घालायचं काम तिच्यावर येईल. "तुला नेमकं काय झालंय?" हे तर अजिबात नको. आयुर्वेदाचा चांगला माणूसही सुचवू नका. सगळ्यांदेखत बोलला होतात, तेव्हा माफीही फार कुजबुजत मागू नका. आणि तिचे डोळे मिटलेले असले, तर तिला उठवू नका. त्या दिवशी राहू द्या.