उष्टावण झालं ना? मग माथेरान!

अगं, बाळाचं उष्टावण झालंय, आता मे महिन्यात खुशाल माथेरानला जा. गाड्या गावाबाहेर दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे हॉर्नचा त्रास नाही. जवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल पकड. १९०७ साली सुरू झालेली ही गाडी लेकरांना भारी आवडते!

बाबागाडी घरीच ठेव, लाल मातीत चाकं रुततात. बाळाला कॅरियरमध्ये छातीशी घे. तांदूळ-मूगडाळ भाजून, दळून ने. हॉटेलात थोडा वेळ गॅस मागितलास की मऊ पेज तयार. खाऊची पिशवी हातात लोंबकळती नको, माकडं टपलेलीच असतात. आणि तिथेच पहिला दात लुकलुकला, तर फोटोआधी आजीला फोन कर हं!