लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी): रिपोर्ट हातात आल्यावर

प्रश्न: रिपोर्टवर ‘मिक्स्ड ग्रोथ, नमुना पुन्हा पाठवा’ असं लिहिलंय. मला दोन-तीन जंतूंचा संसर्ग झालाय का?

बहुतेक वेळा तसं नसतं. त्वचेवरचे किंवा योनिमार्गातले जंतू बाटलीत उतरलेले असतात. जागा स्वच्छ धुवा, पहिली धार सोडून द्या आणि मधली धार निर्जंतुक बाटलीत धरा. दोन तासांत बाटली लॅबमध्ये पोहोचणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिली की थोड्या जंतूंचे भरपूर होतात आणि रिपोर्टमधला जंतूंचा आकडा खोटा ठरतो.

प्रश्न: जंतूचं नाव कळायला दोन-दोन दिवस का लागतात?

जंतू वाढावे लागतात म्हणून. एक मायक्रोलिटर मावणाऱ्या लूपने (छोट्या कड्याने) लघवी प्लेटवर, म्हणजे जंतूंना पोषक जेली (आगर) असलेल्या बशीवर, पसरतात आणि ती रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी कॉलनी, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके, मोजायच्या. शंभर कॉलनी म्हणजे मिलिलिटरमागे एक लाख जंतू. मॅकॉन्की आगरवर गुलाबी, सपाट कॉलनी दिसल्या की ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा संशय येतो. इंडोल या रासायनिक चाचणीत नळीत वर लाल कडं उमटलं की तो बळावतो. प्रोटियस या दुसऱ्या जंतूची तऱ्हा वेगळी. रक्त मिसळलेल्या ब्लड आगरवर तो लाटांसारखा प्लेटभर पसरत जातो. तो युरियापासून अमोनिया बनवतो, लघवी अल्कधर्मी होते आणि त्यातून खडे धरतात. म्हणून प्रोटियस पुन्हा पुन्हा आला तर सोनोग्राफी करून घ्याच.

मॅल्डी-टॉफ यंत्र कॉलनीवरून जंतूचं नाव काही मिनिटांत सांगतं. कोणतं औषध लागू पडेल हे पाहायला मात्र बहुतेक ठिकाणी आणखी एक रात्र जाते, आणि खरी गरज त्याच उत्तराची असते.

प्रश्न: जळजळ आहे, पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर आहेत, तरी कल्चर ‘नो ग्रोथ’. हे कसं?

आधी अँटिबायोटिक घेतली होती का, ते डॉक्टरांना सांगा. नसेल घेतली, तर नेहमीच्या प्लेटवर न उगवणाऱ्या जंतूंचा विचार करायला हवा. लैंगिक संबंधांतून पसरणारा क्लॅमिडिया हा जंतू पेशीच्या आतच वाढतो. त्यासाठी जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआरसारखी चाचणी लागते. पुरुषांमध्ये तिला पहिल्या धारेचीच लघवी चालते, स्त्रियांमध्ये योनिमार्गातला स्वॅब जास्त भरवशाचा. गोनोरियाच्या जंतूला, गोनोकोकसला, तापवलेलं रक्त घातलेलं चॉकलेट आगर आणि कार्बन डायऑक्साइड हवा. क्षयाच्या जंतूंना आठवडे लागतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शंका लिहिलेली नसेल तर लॅब यातलं काहीच शोधत नाही. संकोच न करता लैंगिक संबंधांची माहिती डॉक्टरांना द्या.

प्रश्न: काहीच त्रास नाही, पण तपासणीत एक लाख ई. कोलाय निघाले. गोळ्या घेऊ?

गरोदर नसाल आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेली नसेल, तर सहसा नको. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, पण स्वतःहून गोळ्या सुरू करू नका.