टी-बॅगचा चहा सुट्या चहापेक्षा खरंच हलका असतो का? घरच्या घरी चार-पाच चहा चाखून तुलना कशी करायची?

आधी तुलनेबद्दल सांगते, कारण ती चुकली की पहिल्या प्रश्नाचं उत्तरही चुकतं. माझं कितीतरी वर्षं चुकत होतं.

आपण तुलना चमच्याने करतो. या पुडीचा एक चमचा, त्या पुडीचा एक चमचा. पण माझ्या चहाच्या चमच्यात डस्ट, म्हणजे अगदी बारीक पूड, सपाट भरली तर अडीच ग्रॅमच्या आसपास बसते, आणि दार्जिलिंगची लांब, पिळदार पानं त्याच चमच्यात जेमतेम दीड ग्रॅम मावतात. मग दार्जिलिंग पाणचट लागला की आपण म्हणतो, एवढे पैसे घालून हे काय आणलं! बॅगेचंही तसंच. तिच्यात साधारण 2 ग्रॅम पूड असते. ती आपण मोठ्या मगात, दोन-अडीचशे मिली पाण्यात मिनिटभर बुडवतो आणि काढून टाकतो. तो चहा हलकाच लागणार. म्हणून आधी ग्रॅममध्ये तोलणारा छोटा डिजिटल काटा घ्या. बाकी सगळं घरात असतंच.

चाखण्यासाठी चहा कसा करावा याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 3103. ते 1980 साली आलं. 100 मिली पाण्याला 2 ग्रॅम चहा, वर उकळतं पाणी, झाकण ठेवून 6 मिनिटं. दूध-साखर न घालता हा चहा फार कडक होतो. पण तो आवडावा म्हणून केलेलाच नसतो, पुडीचे गुणदोष उघडे पडावेत म्हणून केलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात मी आणि सासूबाई असं पाच चहांना घेऊन बसलो. दार्जिलिंगचा सेकंड फ्लश (मे-जूनच्या तोडणीचा), निलगिरीचा ऑर्थोडॉक्स (पान न चिरडता, वळून केलेला) पानाचा चहा, आसामची ममरी (गोळीदार चहा), भवानी पेठेतून आणलेली बारीक डस्ट, आणि टी-बॅग. कप सगळे सारखे, आतून पांढरे, बुडाला चिकटपट्टीवर आकडे. आधण एकाच पातेल्यात ठेवलं, झाकायला बशा घेतल्या. बॅगेचे मुद्दाम दोन कप केले. एका कपात बॅग आहे तशी टाकली. दुसरी कात्रीने कापून आतली पूड काढली, तोलली आणि मोकळी टाकली. हे तुम्हीही जरूर करा. पहिल्या मिनिटाला कापलेल्या बॅगेचा रंग पुढे होता, पण सहाव्या मिनिटाला दोन्ही कप रंगाला आणि चवीला जवळजवळ एक झाले. म्हणजे कागद फार काही अडवत नाही. फरक पडतो तो आतल्या मालाने.

बॅगेत बहुधा चाळणीतून शेवटी उतरलेला बारीक माल असतो, फॅनिंग्ज आणि डस्ट. कण जितका बारीक तितका त्याचा पाण्याशी संबंध जास्त, म्हणून रंग झटकन सुटतो, तुरटपणाही लगेच येतो. पण पानातला उडून जाणारा सुवासही अशा बारीक कणातून लवकर जातो.

चाखताना भुरका मारायचा, अगदी आवाज करून. चहासोबत हवा आत ओढली गेली की सुवास घशाच्या मागून नाकात चढतो, आणि चहाची अर्धी चव तिथेच कळते. सासूबाईंना हे शिकवावं लागलं नाही, त्या आयुष्यभर बशीतूनच प्यायल्या आहेत. आकडे झाकलेले होते. दार्जिलिंगला त्या म्हणाल्या, "अगं, याला वास छान आहे, पण जोर नाही." डस्टला म्हणाल्या, "हा घसा धरतो." ममरीला, "हा तोंड भरतो." माझ्या वहीत मी याच शब्दांत लिहून ठेवलंय. तुम्हीही तुमच्या घरातले शब्द वापरा. कडक, तुरट, उग्र, पाणचट, कळकट हे शब्द आपल्याला लगेच कळतात. पाकिटावरचे शब्द जिभेला काही सांगत नाहीत.

कप लगेच विसळू नका. अर्ध्या तासाने आमचा ममरीचा कप खिडकीपाशी गढूळ झाला होता, जणू कुणी चमचाभर दूध घातलंय. चहा खराब झालेला नसतो. त्यातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं थंड झाल्यावर एकमेकांना धरतात, म्हणून तसं दिसतं. दमदार आसाम चहात हे हमखास होतं. चोथाही पाहा. दार्जिलिंगची पानं फुलून तांबूस-हिरवी, ओळखू येतील अशी उलगडली होती. ममरी आणि बॅग यांचा नुसता तपकिरी गाळ.

मग दुसरी फेरी केली, आपण रोज पितो तशी. दूध, साखर, आलं घालून उकळून. इथे निकाल पार फिरला. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तुरट द्रव्यांना धरतं, चहा मऊ होतो, आणि ज्याच्याकडे मुळातच जोर कमी तो हरवतो. दार्जिलिंग दिसेनासाच झाला. ममरी पहिली आली. आणि बॅगा कापून काढलेली पूड, डस्टइतकीच तोलून, दुधात उकळली तेव्हा सासूबाईंना आणि मला दोघींनाही ती डस्टपेक्षा वेगळी ओळखता आली नाही.

म्हणून माझं उत्तर असं: सुटा म्हणजे भारी आणि बॅग म्हणजे हलका, हे अख्ख्या पानाच्या चहाला लागू आहे, आपल्या रोजच्या पुडीला नाही. आपली पूड सीटीसी असते, म्हणजे पान दातेरी रोलरमधून चिरडून, फाडून, गोळी करून काढलेली. ही पद्धत 1930च्या दशकात आसाममध्ये निघाली, आणि झटपट गडद उतरणारा चहा देणं हेच तिचं काम. साध्या काळ्या चहाच्या बॅगेतही बहुतेक वेळा तसाच माल असतो. दुधाच्या चहासाठी सुटी पूड घ्या ती स्वस्त पडते म्हणून. बिनदुधाचा प्यायचा असेल तर मात्र बॅगेवर थांबू नका, पानाचा चहा आणाच. मे-जूनमधल्या दार्जिलिंगला जो पिकल्या द्राक्षासारखा सुवास असतो, तो बॅगेत मला अजून सापडलेला नाही.

पाण्याकडे लक्ष द्या. गावी बोअरच्या पाण्यात हीच ममरी मला मंद लागली आणि वर तेलकट दिसणारा तवंग आला. तो तेलाचा नसतो, जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे येतो. सगळे कप एकाच पाण्यात करा.

सुटी पूड नवीन दुकानातून आणली तर आधी चिमूटभर ओल्या टिपकागदावर टाका. एकदा मी आणलेल्या पुडीने क्षणात लालभडक डाग सोडले. तो वरून चढवलेला रंग होता, ती पूड टाकून दिली. चांगल्या चहाचा रंग गार पाण्यात सावकाश उतरतो.

आणि चहा मसाल्याच्या कपाटात ठेवू नका. दार्जिलिंगचं पहिलं पाकीट मी गोड्या मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलं होतं. पंधरा दिवसांत त्याला दगडफुलाचा वास लागला, आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.

आता आमच्याकडे दोन डबे आहेत. मोठ्यात दोन भाग ममरी आणि एक भाग डस्ट, सकाळ-संध्याकाळच्या दुधाच्या चहाला. लहान, घट्ट झाकणाच्या डब्यात दार्जिलिंग, दुपारी चारला, 3 ग्रॅम, दीडशे मिली पाणी, साडेतीन मिनिटं. बॅगा प्रवासाच्या पिशवीत असतात. सुरुवात करायची तर पाच नको, तीनच आणा. रोजची पूड, एक बॅग आणि शंभर ग्रॅम पानाचा चहा.