वाचक विचारतात : अनवाणी गाणारी बाई कुठल्या देशाची?

प्रश्न : यूट्यूबवर फिरता फिरता सेझारिया एव्होरा नावाच्या बाईंचं गाणं लागलं. भाषा पोर्तुगीजसारखी, चाल ऐकून मला तर आमचे मांडेच (गोव्याची कोंकणी प्रेमगीतं) आठवले. हा देश कुठला? आणि तिकडे सगळंच इतकं उदास आहे का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : देश केप व्हर्दे. सेनेगलच्या समोर अटलांटिकमध्ये दहा बेटं, वस्ती नऊवर, माणसं सगळी मिळून पाचेक लाख, आपल्या सोलापुरात याहून जास्त राहतात! पोर्तुगीज तिथून गेले 1975 मध्ये, गोव्यानंतर साडेतेरा वर्षांनी, तेव्हा मांडे आठवले यात नवल नाही, विरह आणि व्हायोलिन दोन्हीकडे आहेच. घुमट, म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य, मात्र तिकडे नाही मिळणार.

तुम्ही ऐकलं ते बहुतेक मोर्ना, म्हणजे तिथला संथ, उदास गाण्यांचा प्रकार. ब्रावा बेटावरच्या एउजेनिओ तावारेसनी ती लोकांच्या क्रिओल, म्हणजे पोर्तुगीज आणि आफ्रिकी भाषा मिसळून झालेल्या, बोलीत लिहिली, पुढे मिंडेलो बंदरात, जिथे इंग्रजांच्या आगबोटी कोळसा भरायला थांबायच्या आणि खलाशांबरोबर ब्राझीलची गाणीही यायची, तिथे तिच्या सुरावटीत बदल झाले. तिचीच चपळ, टोमणे मारणारी बहीण म्हणजे कोलादेरा.

आणि उदास? छे हो, सांतियागो बेटावर जा. तिथे फुनाना आहे, एकजण ॲकॉर्डियन वाजवतो, दुसरा लोखंडी पट्टीवर सुरी घासून ताल धरतो, आणि लोक घाम निघेपर्यंत नाचतात. बातुके तर बायकांचं, मांड्यांमध्ये कापडाची गुंडाळी धरून त्यावरच हातांनी ठेका, एक गाते बाकीच्या उचलून धरतात. हे आफ्रिकेच्या जवळचं, म्हणून पोर्तुगीज राज्यात दाबून ठेवलेलं. स्वातंत्र्यानंतर बुलिमुंदो बँडने फुनानाला इलेक्ट्रिक गिटार जोडली तेव्हा कुठे शहरातले लोक त्यावर उघड नाचायला लागले.

प्रश्न : एवढ्याशा देशाचं संगीत जगभर गेलं कसं? सरकारने जोर लावला का? – एक वाचक, पुणे

उत्तर : सरकारने नाही, दुष्काळाने. पाऊस नाही, शेती नाही, 1940 च्या दशकात तर उपासमारीने हजारो माणसं गेली, पण लोक त्याच्या कितीतरी आधीपासूनच बाहेर पडत होते, कुणी व्हेल पकडणाऱ्या जहाजांवरून अमेरिकेत न्यू बेडफर्डला, कुणी लिस्बन, रॉटरडॅम, पॅरिसला, आणि कितीतरी कंत्राटी मजूर म्हणून साओ तोमे या पोर्तुगीजांच्याच दुसऱ्या बेटावर, कोकोच्या मळ्यांत. एव्होराबाईंचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्या साओ तोमेच्या वाटेवरचंच. आज देशात आहेत त्याहून जास्त केप व्हर्देवाले बाहेर आहेत. 1960 च्या दशकात त्यांच्या रेकॉर्ड रॉटरडॅमला निघायच्या, म्हणजे घरापासून हजारो किलोमीटर लांब! जॅझ पियानोवाला होरेस सिल्व्हर माहितीये ना, त्याचे वडीलही तिकडचेच.

एव्होराबाई मात्र कितीतरी वर्षं मिंडेलोच्या बारमधून गात होत्या, मधे तर गाणंच सोडलं. मग झोझे दा सिल्वा या निर्मात्याने पॅरिसला नेलं, 1988 ला पहिला अल्बम तिथे निघाला, 1992 च्या अल्बमने फ्रान्स वेडं झालं तेव्हा बाईंनी पन्नाशी ओलांडलेली. 2004 मध्ये ग्रॅमी. 2011 मध्ये गेल्या, आता त्यांच्या बेटावरच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे, आणि 2019 मध्ये मोर्ना युनेस्कोच्या यादीत आली.

माझी एकच कुरकुर. जगाला केप व्हर्दे म्हटलं की मोर्नाच माहीत, कारण युरोपातल्या श्रोत्यांना ती संथ उदासी लगेच पटली. सांतियागोच्या बायकांचा ठेका तेवढा लांब पोचलाच नाही.

प्रश्न : मग ऐकायला सुरुवात कुठून करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी एव्होरा ऐका, त्याशिवाय सुटका नाही. मग थेट फेरो गाइता हा फुनानाचा बँड, मोठ्या आवाजात, शेजारी ओरडले तरी चालेल. नंतर लुरा आणि मायरा आंद्राद या गायिका, दोघींनी ओर्लांदो पांतेराची गाणी गायलीत. बातुकेला नवं रूप देणारा हा सांतियागोचा मुलगा 2001 मध्ये ऐन उमेदीत गेला, स्वतःचा अल्बम करायचा राहूनच गेला.